कण्हेरीचा हिरवा पाहुणा

बंगळूरला जाण्याचा आणि बेळ्ळंदूरला उतरण्याचा योग आपणांस आला, तर तेथील तळ्याविषयी आपण आधीच काही ऐकलेले असेल. सुमारे ९०० एकरांचे हे तळे शहरातील सर्वांत मोठ्या तळ्यांत मोडते. शहराचे सांडपाणी साचून त्यावर फेसाचे ढीग उठू लागले आणि २०१५ साली, पुन्हा २०१७ साली, चक्क पाण्यावर आग भडकली! देशभर त्याची चर्चा झाली. त्याच तळ्याच्या परिसरात, उंच इमारतींच्या कुंपणाशी, एक देखणा जीव मुकाट्याने आपला संसार करीत असतो. त्याची वार्ता मात्र कोणी घेत नाही.

हा जीव म्हणजे कण्हेरीवरचा मोठा पतंग. स्वीडनच्या लिनीअसने १७५८ साली त्याचे नामकरण केले, ते कण्हेरीच्याच नावावरून. बंगळूरच्या बागांतून तो तगरीवरही सुखाने राहतो. तगरीला तिकडे कानडीत 'नंदीबट्टलु' म्हणतात. तिची पाने कुरतडलेली आणि खाली काळ्या लेंड्या पडलेल्या दिसल्या की समजावे, सुरवंट वर आहे. तो चटकन सापडत मात्र नाही, कारण त्याचा रंग अगदी पानाचा! अंड्यातून निघतो तेव्हा तो पिवळा असून शेपटीशी त्याला लांब काळे शिंग असते. पुढे तो हिरवा होतो, बोटाएवढा जाड होतो, आणि अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग उमटते. त्याला हळूच काडी लावून पाहा. तो डोके आत ओढून घेईल आणि मानेजवळचे दोन निळसर ठिपके डोळ्यांसारखे वटारतील. ते डोळे नव्हेत. पण चोच उगारलेल्या पाखराला एवढी शंका पुरे होते.

कण्हेर विषारी, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. तिच्या चिकात हृदयावर घाला घालणारी द्रव्ये असतात, म्हणून लहान मुलांना तिची पाने तोंडात घालू देऊ नयेत. हा सुरवंट मात्र तीच पाने रात्रंदिवस खाऊन लठ्ठ होतो.

वाढ पुरी झाली की त्याचा हिरवा रंग मावळून तो तपकिरी होतो, झाडावरून उतरतो आणि वाळक्या पाल्यात विरळ धाग्यांचे घर करून कोशात जातो. त्याचा खरा घात होतो तो येथेच. आपल्या वसाहतींतून रोज सकाळी खराटा फिरतो; पाल्याबरोबर कोशही पोत्यात जातात. स्वच्छतेचे हे वेड चांगलेच, परंतु झुडपाच्या बुडाशी हातभर जागा न झाडता ठेवली, तर कोणाचे काय बिघडते? पाने खाल्ली म्हणून औषध फवारण्याचीही घाई नको. झुडूप पुन्हा फुटते.

उष्ण हवेत अंड्यापासून पंखांपर्यंत साधारण महिना-दीड महिना लागतो. बाहेर पडणारा पतंग नऊ ते अकरा सेंटीमीटर पसरतो. पंखांवर गर्द आणि फिका हिरवा, मध्येच गुलाबी आणि पांढरट, अशा लहरी असतात. जणू संगमरवराला कोणी शेवाळाचा रंग दिला आहे. दिवेलागणीनंतर तो सुवासिक फुलांपुढे हवेतच तरंगत, लांब सोंडेने मध पितो. उड्डाण तर विलक्षण. आफ्रिकेपासून भारतापर्यंत आणि त्याही पूर्वेला त्याची वस्ती आहे. उन्हाळ्यात तो भूमध्य समुद्र ओलांडून युरोपात शिरतो, क्वचित इंग्लंडपर्यंत पोहोचतो. पण तेथील हिवाळा त्याला सोसवत नाही.

एवढा बळकट प्रवासी आपल्या गच्चीवरच्या दिव्याने मात्र भुलतो. रात्री तो भिंतीला चिकटलेला दिसला, तर मुलांना बोलावून जवळून दाखवा, हात न लावता. आणि मग दिवा मालवा. डोळ्यांपुढची ती झगमग गेली की थोड्या वेळाने तो आपणच उडून जाईल.