नुक्त्याचा हिशोब

बकरी ईदला भाची नागपूरहून घुग्घुसला आली. ती संगणकशास्त्र शिकते. अब्बांच्या शेताचा डिजिटल सहीचा सातबारा मी तिला मोबाइलवर दाखवला.

"यातलं एक अक्षर कुणी बदललं तर कळेल?"

"तपासलं की लगेच."

"हे सिद्ध झालंय?"

ती जरा थांबली. "झालंय मामू, पण एक गोष्ट गृहीत धरून."

ती गोष्ट म्हणजे हॅश. मजकूर कितीही लांब असो, त्याचा ठरावीक लांबीचा ठसा काढतात आणि सही त्या ठशावर होते. उर्दूत ‘खुदा’चा नुक्ता वरून खाली आला की ‘जुदा’ होतो, हे मी दरवर्षी पोरांना सांगतो. इथे एका नुक्त्याने अख्खा ठसाच बदलतो.

आता सिद्धता. 1993 मध्ये बेलारे आणि रोगावे यांनी एक काल्पनिक जाणकार मानला. मी त्याला कारकून म्हणतो. नवा मजकूर आला की तो, समजा, 256 वेळा नाणं उडवून निकाल वहीत लिहितो. तोच मजकूर पुन्हा आला तर वहीतलंच उत्तर देतो. असा कारकून असेल, तर खोटी सही करणाऱ्याला आधी एक अतिशय अवघड गणित सोडवावं लागेल, हे सिद्ध करता येतं.

पण असा कारकून जगात कुठेच नाही. त्याच्या खुर्चीवर एसएचए-256 बसवलंय. तिथे नाणं नाही, ठरलेली कृती आहे, कुणीही वाचावी. 1998 मध्ये कॅनेटी, गोल्डराइख आणि हालेवी यांनी अशा योजना रचून दाखवल्या, ज्या कारकुनासोबत सुरक्षित आणि कुठल्याही खऱ्या हॅशसोबत असुरक्षित. मुद्दाम रचलेल्या होत्या, म्हणून व्यवहार थांबला नाही.

आपल्या 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 3 मध्ये तर लिहिलंय, की दोन नोंदींचा एकच ठसा निघणं अशक्यप्राय असावं. एमडी5 ने 2004 मध्ये आणि एसएचए-1 ने 2017 मध्ये कायद्याचं ऐकलं नाही.

घुग्घुसकराला हे फार समजवावं लागत नाही. 2022 च्या ऑगस्टमध्ये आमराई वॉर्डातलं एक घर जमिनीत गेलं. खाली जुनी कोळसा खाण. भिंत आपण ओळंब्याने तपासतो, खालची पोकळी कोण बघतो?

"मग सिद्धता फुकट?"

"नाही मामू. बाकी दारं बंद आहेत, एवढं तिने कळतं. चोर आला तर हॅशच्याच दाराने येईल. तेवढंच दार बदलायचं."

हे मला पटलं. मग तिला सातबाऱ्यावरचं अब्बांचं नाव दाखवलं: ‘शेख’ऐवजी ‘सेख’.

"ही चूक पण आता सहीबंद?"

ती हसली. रात्री मी दुरुस्तीचा अर्ज तिसऱ्यांदा लिहायला घेतला. ‘श’ ठळक गिरवला.