वादळातली मालगाडी

चि. भाचेबुवा,


तुझं म्हणणं असं, की कॅलिफोर्नियातल्या डोनर पास या घाटात हिमवादळ चालू असताना मालगाडीचे फोटो काढायला जाणं हा निव्वळ हट्ट आहे. शहाण्याने वादळ ओसरू द्यावं आणि दुसऱ्या दिवशी निळ्या आभाळाखाली युनियन पॅसिफिक रेल्वेची पिवळी इंजिनं पांढऱ्या उतारावर टिपावीत. तसा फोटो देखणा येतो, वादच नाही. पण त्याची जागा कॅलेंडरवर आहे, आणि तिथे इंजिनाऐवजी शाळेची पिवळी बस उभी केली तरी फारसं बिघडणार नाही. मालगाडी ही मुळातच अबोल वस्तू. तिला खिडक्या नाहीत, हात हलवणारी माणसं नाहीत, कंटेनरवरून आतल्या मालाचा पत्ता लागत नाही. ती कशाशी झगडत वर चढते आहे, हे लख्ख उन्हात कळायला मार्गच नसतो. बर्फ कोसळत असताना ते कळतं. म्हणून बर्फ हा फोटोतला अडथळा आहे हे मला मान्य नाही. त्या फोटोतला पुरावाच तो आहे.

जागेचंच घे. पायथ्याचं रोझव्हिल सोडल्यावर सुमारे १४० किलोमीटरांत गाडी जवळजवळ समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांच्या आसपास पोचते. नुसत्या चढाचा हिशेब केला तर आपला भोर घाट जास्त कडक: ३७ फुटांना एक फूट, कर्जतहून बँकर, म्हणजे मागून रेटणारी इंजिनं, लावल्याशिवाय मालगाडी लोणावळा बघत नाही. डोनरचा चढ त्याहून सौम्य आहे. तिथला खरा वैरी म्हणजे वर्षाकाठी सरासरी नऊ-दहा मीटर पडणारा बर्फ. चिनी मजुरांनी ग्रॅनाइट फोडून बोगदे काढले, १८६९ साली रेल्वे पूर्वेला जोडली गेली; पण मार्ग उघडा ठेवायला पुढे जवळपास ६० किलोमीटर रुळांवर लाकडी छपरं घालावी लागली. आजही वादळ आलं की फ्लँजर रुळांमधला बर्फ खरवडतो, स्प्रेडर आपले पंख पसरून तो कडेला लोटतो, आणि अगदीच निभेना तर रोटरी, म्हणजे पुढे भलंमोठं फिरतं चाक असलेला नांगर, बर्फ कापून दूर भिरकावतो. तुझ्या निळ्या आभाळाच्या फोटोत हे सगळं उरकलेलं असतं. रूळ मोकळे, कडेला सुरीने कापल्यासारखी बर्फाची भिंत. लग्न आटोपल्यावर रिकाम्या मांडवाचा फोटो काढावा, तसं ते.

तू म्हणशील, वादळात काही दिसलं तर ना! खरं आहे, फार थोडं दिसतं. पण काय दिसतं ते नीट बघ. आधी पांढुरक्या पडद्यात तीन दिव्यांचा त्रिकोण उमटतो. मग त्या दिव्यांच्या झोतातले कण उजळतात, आणि इंजिनाचं तोंड दिसण्याआधी त्याच्यापुढची हवाच दिसू लागते. एरवी हवा कोणत्या फोटोत येते? वाऱ्यावर सेकंदाला दहा मीटर वेगाने उडणारा कण १/५०० सेकंदात दोन सेंटीमीटर सरकतो, १/३० सेकंदात तेहतीस. म्हणजे शटरचा वेग ठरवणं म्हणजे वाऱ्याचा जोर किती दाखवायचा ते ठरवणं. फक्त इतक्या सावकाश शटरला आडवी जाणारी गाडीही पुसट होते, म्हणून ती समोरून येताना घ्यावी. आणि कॅमेऱ्याच्या मीटरवर विसंबू नकोस. त्याच्या लेखी सगळं जग मध्यम राखाडी असतं, बर्फसुद्धा. एक्स्पोजर एक-दीड स्टॉप वाढवलं नाहीस तर हिमवादळाची धुकट संध्याकाळ होईल. फ्लॅश तर नकोच. जवळचेच कण चमकून पांढरे गोळे होतात. छायाचित्रकार विन्स्टन लिंकने पन्नाशीच्या दशकात फ्लॅशचे असंख्य बल्ब लावून रात्रीच्या वाफेच्या गाड्या टिपल्या. तो उजेडाचा मालक होता. वादळात मालकी चालत नाही. तिथे दुसरा छायाचित्रकार, रिचर्ड स्टाइनहायमर, याचा रस्ता धरावा लागतो. याच डोनरवर तेव्हाच्या सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या गाड्या त्याने रात्रीबेरात्री, वाईट हवेत टिपल्या, आहे तो उजेड प्रमाण मानून.

याहून वजनदार आक्षेप असा, की हे कष्टाला सौंदर्याचं पांघरूण घालणं झालं. बर्फात राबतो कोण, आणि वाहवा कोणाची! आक्षेप रास्त आहे, पण उलट बाजूही बघ. १३ जानेवारी १९५२ रोजी 'सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को' ही प्रवासी गाडी युबा पासजवळ बर्फात रुतली. २२६ माणसं तीन दिवस अडकली, आणि सोडवणुकीच्या धडपडीत रोटरीचा एक चालक हिमलोटाखाली गेला. त्या रुतलेल्या गाडीचे फोटो आजही सापडतात. अडकलेली गाडी ही बातमी. त्याच घाटातून वादळात सुखरूप पार झालेल्या मालगाडीची बातमी कोण करणार? वर्तमानपत्रांवर सोडलं तर या मार्गाच्या इतिहासात फक्त पराभवच नोंदले जातील. रोजचं निभावणं नोंदवायला कोणीतरी हौशी माणूसच तिथे उभा असावा लागतो. छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ १८९३ साली न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर, त्याच्याच सांगण्यानुसार तीन तास, हिमवादळात ताटकळला, तो एका घोडागाडीसाठी. पुढे त्याने निगेटिव्हचा बराच भाग छाटला हेही खरं, तेव्हा तो फोटो म्हणजे निखळ सत्य असं मी म्हणणार नाही. पण छाटायला आधी काहीतरी हाती लागावं लागतं.

धोक्याचा आक्षेप मात्र मी खोडून काढत नाही. ताजा भुसभुशीत बर्फ आवाज गिळतो. मैलभर लांबीची गाडी जवळ आली तरी कानाला पत्ता नसतो, आणि चालकाला तू दिसलास तरी ती तिथे थांबत नाही. लांबून भिंग लावावं तर मध्ये इतके कण येतात की गाडीच नाहीशी होते, म्हणजे मोह जवळ जाण्याचाच. त्यात रुळांलगतची जमीन रेल्वे कंपनीची खासगी. तेव्हा सार्वजनिक रस्ता किंवा पूल, यापलीकडे पाऊल नको, तिथून मिळेल तेवढंच घ्यायचं. आय-८० महामार्ग बंद होण्याची चिन्हं असतील तर निघूच नकोस. बर्फ उपसणाऱ्यांना तुझी मोटार उपसायला लावून त्यांच्या कष्टांचा फोटो काढणं शोभत नाही.

परतल्यावर कॅमेरा घरात नेण्याआधी, बाहेरच, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांध. घरातल्या उबेत तो हळूहळू तापू दे. दोन-तीन तास पिशवी उघडू नकोस, नाहीतर भिंगावर आणि आत पाणी धरेल. बॅटऱ्या खिशात, अंगाशी ठेव. ताईला यातलं काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

तुझा,
मामा