ओट्याखालचा अंधार

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागातील त्या घराचे स्वयंपाकघर जुने झाले आहे, हे सर्वांनाच मान्य होते. सागवानी चौकटींच्या कपाटांवरील सनमायका कडेने सुटली होती आणि सिंकखालच्या प्लायवूडचे पापुद्रे निघाले होते. या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. आले की पिंप-कळश्या भरून ठेवाव्या लागतात. त्यामुळे ओट्याखालचा ओलावा कधी पुरता हटत नसे.

मोंढ्यात दुकान चालविणाऱ्या मुलाचे म्हणणे, सारे काढून तयार मॉड्युलर किचन बसवावे. आईंचा त्याला ठाम नकार होता. त्या चौकटी त्यांच्या यजमानांनी समोर उभे राहून करवून घेतल्या होत्या. सूनबाई या वादात पडत नसे.

एके दिवशी माप घेण्यासाठी तिने कोपऱ्यातील कपाट रिकामे केले. अगदी मागे मुगाचा एक विसरलेला डबा निघाला. झाकण उघडताच आत भुंगेरे दिसले. तिने ते धान्य जपून परातीत घेतले आणि व्हरांड्यातील कोरड्या सावलीत नेऊन ठेवले. आई मात्र तशाच बसून राहिल्या.

“रोज निवडून-पाखडून घेते मी,” त्या हळूच म्हणाल्या. “पण गुडघे वाकत नाहीत गं आता. तिथवर नजरच पोहोचली नाही.”

वादाचा रोख त्या क्षणी बदलला. स्वयंपाकघर नवे दिसावे की जुने राहावे, हा प्रश्न मागे पडला. जे दिसत नाही, त्याची जतना कशी करावी, हा खरा प्रश्न होता.

सुतार मिस्त्रींनी चौकटी ठोकून पाहिल्या. लाकूड निकोप होते. ते म्हणाले, “पार्टिकल बोर्ड स्वस्त पडेल, पण पाणी शिरले की फुगते, मग स्क्रू धरत नाही. ओलीच्या जागी आय.एस. ७१० चा प्लाय घ्या. कोरड्या जागी ३०३ चालेल.” मुलाने हिशेब मांडला. चौकटी ठेवल्या तर लाकडाचा मोठा खर्च वाचत होता. खालची दारे काढून तेथे पूर्ण बाहेर येणारे खण करायचे ठरले. सिंकखालची जागा उघडी ठेवली, तळ चार इंच उचलला, म्हणजे झाडू आणि नजर दोन्ही आतपर्यंत जातील. पश्चिमेची खिडकी अडवणारे वरचे कपाट काढून टाकले. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाच्या वेळी आता ओट्यावर उजेड येणार होता.

पॉलिशसाठी मिस्त्रींनी चपडा सुचविला. तो कशापासून होतो, असे आईंनी विचारले. लाखेच्या किड्यांपासून, हे कळताच त्या गप्प झाल्या. जुन्या चौकटींनाही तेच पॉलिश होते. यजमानांना ते ठाऊक नसावे. मग चौकटींना जवसाचे तेल द्यायचे ठरले.

चातुर्मास लागण्यापूर्वी काम आटोपले. पहिल्या सकाळी आईंनी खुर्चीवर बसून खालचा खण ओढला. शेवटच्या डब्यापर्यंत सारे दिसत होते. मुगाचे तीन डबे निघाले.

“सूनबाई,” त्या म्हणाल्या, “आपल्याला एक पुरतो. बाकीचे दोन आजच देऊन टाकू.”