पेसाह, मटण आणि मी

तर मंडळी, गेल्या वर्षी म्हणजे 12 एप्रिल 2025ला मी पहिल्यांदा 'त्याच्या' घरी सणाला गेले. रास्ता पेठ, जुनं घर, आडनाव '-कर'ने संपणारं. त्या '-कर'मुळे माझ्या बाबांना दोन महिने पत्ताच नव्हता की ही मंडळी बेने इस्राएल आहेत :-) कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गावाने ज्यांना 'शनवार तेली' म्हटलं, ते हे ज्यू.

सण पेसाहचा. मराठीत वल्हांडण, म्हणजे ओलांडून जाणं. मिसरच्या गुलामगिरीतून सुटका झाली त्याची आठवण. आठ दिवस घरात पाव नाही, पोळी नाही, खमिराचं काहीच नाही. भात मात्र चालतो (हुश्श!). त्या दिवशी नेमका शनिवार, त्यामुळे शब्बाथ संपून चांगला अंधार पडेपर्यंत सगळे नुसते बसून. वासाने जीव कासावीस, कारण आत नारळाच्या दुधातलं मटण. मांसाबरोबर दूधदुभतं वर्ज्य, तेव्हा नारळ. कोकणी माणसाला यात त्याग कसला!

पण मी धास्तावलेलीच होते. काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, आधीच फोनवर विचारलं होतं, "मुलं झाली तर ती कोण?" ज्यूपण आईकडून येतं. आणि हा प्रश्न त्यांच्या घरात नुसता धार्मिक नाही. 1962मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बींनी फर्मान काढलं, की बेने इस्राएल माणसाचं दुसऱ्या ज्यूशी लग्न लावण्याआधी त्याच्या आई-आजीच्या वंशाची चौकशी करा. जेरुसलेममध्ये निदर्शनं झाली, प्रकरण संसदेत गेलं, तेव्हा कुठे 1964मध्ये त्यातून बेने इस्राएलांचं नाव निघालं. ह्याचे एक चुलत आजोबा तेव्हा तिकडेच होते. ज्या घराने स्वतःच्या आज्यांचे पुरावे द्यायची वेळ पाहिली, ते घर सून आणताना दहादा विचार करणारच. मला राग आला होता, पण उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

असो. रात्री पुस्तक उघडलं, एका पानावर हिब्रू, समोर मराठी. पुण्यात 1874 सालीच मराठी भाषांतरासकट हग्गादा छापला गेलाय, आणि त्यातल्या चित्रांत साडीतल्या बायका बिनखमिराच्या भाकऱ्या करताहेत! काळ्या मनुकांचं सरबत ओतलं गेलं. आता चार प्रश्न. ते घरातल्या सगळ्यात लहान मुलाने विचारायचे. पण नातवंडं सगळी अश्दोदला, त्यांना मराठी वाचता येत नाही. टेबलावर सगळ्यात लहान मी, त्याच्याहून सात महिन्यांनी.

आजींनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

"आई, ती पाहुणी आहे," काकू म्हणाल्या.

"मग? मराठी वाचता येतं ना तिला?"

मी वाचलं. आजची रात्र वेगळी का, भाकरी अशी का, पाला कडू का. मध्ये एकदा ओळ चुकणार तेवढ्यात काकूंचं बोट पानावर आलं आणि मग शेवटपर्यंत ते माझ्या शब्दांबरोबर सरकत राहिलं. तिकडून आजोबांनी उत्तर द्यायला सुरुवात केली. हे उत्तर भलतंच लांब असतं बरं का, तासभर तरी जेवण विसरा.

निघताना काकूंनी खजुराच्या दाट रसाची बाटली हातात दिली. मुलांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

"पुढच्या वर्षी बुधवार येतोय," त्या म्हणाल्या. "तुमच्या ऑफिसात आत्तापासूनच सांगून ठेव."