दांड्याचं तोंड

व्हांडा ऑर्किडच्या फुलदांड्याला दोरा बांधायचं काम यंदापासून पुतणी करते. पाण्याची बादली मी अजून उचलतो, टोपल्याही टांगतो. पण दोन कळ्यांच्या मधल्या जागेत सुती दोऱ्याची सैल गाठ मारायची म्हटली की उजवा हात थरथरतो. दांडा किती वाकेल आणि कुठे थांबायचं, हे बोटांनाच कळत असे. आता मी शेजारी उभा राहून सांगतो आणि ती म्हणते, "काका, कळतंय मला."

माझं सगळं वेड त्या दांड्याच्या तोंडाचं आहे. कळी फुगताना देठाला पीळ देत अर्धा फेरा घेते आणि वर असलेला ओठ खाली येतो. जमिनीची ओढ आणि उजेडाची दिशा धरून हे चालतं. त्या दिवसांत टोपली चार बोटं जरी फिरली तरी खालची फुलं पूर्वेला बघतात, वरची दक्षिणेला. आमच्या बीदर जिल्ह्यातल्या भालकीत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारचा वारा टांगलेली टोपली गरगर फिरवतो. तार वाशाला आवळून बांधावी, तर ओल्या गोणपाटाचा गारवा एकाच बाजूला मिळतो आणि दुसरीकडची मुळं कोरडी पडतात. टोपली सैल सोडली की मुळं खूश आणि फुलं वाट्टेल तिकडे. इतकी वर्षं झाली, याला धड उत्तर सापडलेलं नाही. बोअरच्या पाण्याचा प्रश्न पावसाचं पाणी साठवून सुटला. हा सुटत नाही.

त्यातून मी लावतो ती आपल्याकडची रास्ना, व्हांडा टेसेलाटा. पिवळट तपकिरी पाकळ्यांवर चौकटीची जाळी, कडा लाटेसारख्या, ओठ निळा-जांभळा, आणि सकाळी जवळ गेलं की गोड वास. बांधावरच्या आंब्या-बाभळीवर ती वाढते. लोक बांडगूळ समजून ओरबाडतात. झाडाचा एक थेंबही रस ती पीत नाही, हे किती जणांना सांगितलं असेन! माझ्याकडची पहिली रोपं तोडलेल्या आंब्याच्या फांद्यांवरची. उभ्या झाडावरून कधी काढलं नाही.

प्रदर्शनाच्या परीक्षकांना मात्र गोल, सपाट, मोठं फूल हवं. 1931 साली नोंदला गेलेला 'रॉथशिल्डियाना' हा संकर, आपल्या ईशान्येकडची निळी व्हांडा आणि फिलिपिन्सची सँडेरियाना यांचा. माझ्या मते डोळ्यांना ती सवय तिथूनच लागली. अमेरिकन ऑर्किड सोसायटीच्या शंभर गुणांत आकाराला 30, रंगाला 30. 75 पासून पुरस्कार सुरू होतो आणि 90 ला फर्स्ट क्लास सर्टिफिकेट. वासाला वेगळा रकाना नाही. मुरडलेल्या कडांची रास्ना या फुटपट्टीत बसायची कशी? शिवाय बंगळूरच्या लालबागचं प्रदर्शन जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये, पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं जानेवारीत, आणि ही फुलते उन्हाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत. ऑगस्टपर्यंत एखादा उशिराचा दांडा टिकला, तरच आमची गाठ.

थायलंडहून कळ्यांसकट आलेलं रोप महिनाभर सांभाळून बक्षिसाला मांडणारे आहेत. फुलं देखणी असतात, ते नाकारत नाही. पण ज्या हाताने एक उन्हाळाही त्या रोपाला काढून दिला नाही, त्या हाताला फीत मिळू नये असं मला ठामपणे वाटतं. पूर्वी मांडणाऱ्याला खतापाण्याचं विचारलं की तासभर बोलायचा. आता नर्सरीचा पत्ता सांगतो.

मला फीत हवी असते. प्रदर्शनात मी माझ्या टोपलीपासून दोन पावलांवर उभा राहतो, लोक काय बोलतात ते ऐकायला. कुणी वाकून वास घेतला तर पुढे होऊन सांगतो, भालकीहून आणलीय. दुसऱ्या कुणाच्या रास्नेला बक्षीस मिळालं तर मला रात्री झोप येणार नाही.

पुतणीचं म्हणणं, यंदा दांडा बांधायचाच नाही. झाडावर फुलतो तसा फुलू द्यायचा, फुलं बघतील तिकडे बघतील. पंधरवडाभर आमचा वाद चालला. शेवटी एका टोपलीवर तिने तिचं करावं, दुसरीवर दोरा माझ्या सांगण्याप्रमाणे बांधावा, असं ठरलं. तिचा बिनदोऱ्याचा दांडा अधिक भरला आहे. वरच्या दोन कळ्या मागे तोंड करून आहेत, पण बाकीच्यांची ठेवण मला बांधून कधी साधली नसती. प्रदर्शनाला न्यायची तीच टोपली. कार्डावर मात्र नाव माझंच असेल, हे मी तिला आधीच सांगून ठेवलं आहे.