बाटलीतली काडी

आमच्या कोल्हापूरच्या घरात बाटल्यांमधून दोनच गोष्टी असायच्या, रॉकेल आणि काकवी. नोकरीसाठी वॉर्सात आले आणि कोपऱ्यावरच्या दुकानात काउंटरमागे व्होडकाच्या फळ्याच फळ्या दिसल्या. त्यातल्या एका बाटलीत गवताची लांब काडी उभी होती. बाटली नीट धुतलेली नाही, असं मला वाटलं. दुकानदारबाईंना तसं सांगण्याइतकं पोलिश तेव्हा येत नव्हतं, हे बरंच झालं.

पुढे ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडे जेवायला गेले, तर तीच काडीवाली बाटली फ्रीझरमधून बाहेर आली. छोटे छोटे ग्लास भरले गेले. सगळ्यांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघितलं, ‘ना झ्द्रोव्ये’ म्हटलं, एका घोटात ग्लास रिकामे केले आणि लगेच खारवलेल्या काकडीचा तुकडा तोंडात टाकला. मी काकडीपासून सुरुवात केली. मग धीर करून ग्लासाला ओठ लावले, तर घसा, नाक आणि कान एकदमच तापले. मैत्रीण काही बोलली नाही. माझा ग्लास तिने उचलून नेला आणि थोड्या वेळाने उंच ग्लास आणून ठेवला. बर्फ, तीच व्होडका, सफरचंदाचा रस आणि वर दालचिनीची चिमूट. “ही शारलोत्का. ही जमेल तुला.”

शारलोत्का म्हणजे इथला सफरचंदाचा केक. त्याच नावाचं हे पेय. मी घोट घेतला आणि गोंधळलेच. तोंडात खरोखर केकची चव होती. सफरचंद रसातून आलं, हे कळत होतं. पण लोणी नाही, मैदा नाही, भट्टी नाही, मग ती भाजलेली, व्हॅनिलासारखी चव कुठून आली? मी ग्लास उजेडात धरून बघितला. मैत्रीण हसली आणि तिने बाटलीतल्या काडीकडे बोट दाखवलं.

या व्होडकाचं नाव झुब्रूव्का. पोलंड आणि बेलारूसच्या सीमेवर बियावोव्येझाचं प्राचीन जंगल आहे. त्या भागात एक सुगंधी गवत उगवतं, त्याचा अर्क या व्होडकात उतरवतात आणि प्रत्येक बाटलीत एक काडी सोडतात. व्होडकाचं नाव झुबरवरून आलं. झुबर म्हणजे युरोपातला रानगवा. तो त्याच जंगलात राहतो. तिथला शेवटचा मोकळा झुबर १९१९ मध्ये मारला गेला. मग प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या जनावरांपासून वंश पुन्हा वाढवायला १९२९ मध्ये सुरुवात झाली आणि १९५२ मध्ये पहिले झुबर परत रानात सोडले गेले. राधानगरी-दाजीपूरच्या गव्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मला हे सगळं ओळखीचं वाटलं. आमचा गवा आणि हा झुबर वेगवेगळे, पण शिंगं आणि खांदे पाहिले तर एकाच भावकीतले शोभतील.

त्या गवतात कुमारिन नावाचं द्रव्य असतं. नुकत्याच कापून वाळत घातलेल्या गवताला जो गोडसर वास येतो, तो बराचसा याचाच. व्हॅनिलाच्या जवळ जाणारा. किराणा दुकानात सर्रास मिळणाऱ्या जाड सालीच्या दालचिनीतही कुमारिन असतं, त्यामुळे ती वरची चिमूट या पेयात उपरी वाटत नाही. हेच द्रव्य मोठ्या प्रमाणात यकृताला बाधतं, म्हणून अमेरिकेने १९५४ मध्ये ते खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली. तिकडे विकायची झुब्रूव्का त्यामुळे वेगळ्या कृतीने करावी लागली. एका काडीपायी एवढं सगळं.

गोष्ट समजली, आता करून बघायची. दोनच जिन्नस, त्यात चुकणार काय, अशा थाटात मी रस आणायला गेले. दुकानात सफरचंदाच्या रसाच्या खोक्यांवर तीन प्रकारची नावं होती, सोक, नेक्तार आणि नापुय. चित्र तिन्हींवर त्याच लालबुंद सफरचंदाचं. फोनमध्ये शोधत उभी राहिले तेव्हा उलगडलं. सोक म्हणजे निव्वळ रस. नेक्तारात पाणी असतं आणि साखरही असू शकते. नापुयात फळ नावाला. बरं, सोकमध्येही दोन जाती. एक आरपार दिसणारा पिवळा, दुसरा गढूळ, तळाशी गाळ बसलेला. गाळ बघून मी आरपार दिसणारा घेतला. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने सांगितलं की तो बहुधा आटवलेल्या रसात पाणी घालून केलेला असतो. गढूळ रस थेट फळं दाबून काढलेला, आणि सालीचा हलका तुरटपणा त्याच्यातच राहतो. पुढच्या वेळी गढूळ आणला. व्होडकाचा धारदारपणा तो अंगावर घेतो. साखरपाण्यासारखा रस हा धारदारपणा नुसता झाकतो.

मग प्रमाण. ऑफिसात मी भोळेपणाने विचारलं आणि दुपारभर काम बंद पडलं. एक म्हणाला, एकास दोन. दुसरी म्हणाली, एकास तीन, नाहीतर गवताचा कडवटपणा वर येतो. तिसऱ्याच्या मते दालचिनी हे पर्यटकांचं खूळ, तर चौथीच्या मते दालचिनीशिवाय शारलोत्का म्हणणं हीच फसवणूक. एकमत झालं ते थंडपणावर. बाटली फ्रीझरमध्येच ठेवायची. घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंश असतात, ४० टक्क्यांची व्होडका गोठायला त्याच्याही बरंच खाली जावं लागतं, त्यामुळे ती गोठत नाही, फक्त दाट होते आणि तेलासारखी ओघळते. रसही गार हवा, नाहीतर बर्फ आधी रस थंड करण्यात विरघळतो आणि पेय पांचट होतं. हलवायचं असेल तर चमच्याने, एक-दोनदा. डब्यात घालून घुसळलं की गढूळ रसाला फेस येतो.

मी ५० मिली व्होडकाला १५० मिली रस घेतला. चव आली, पण दुसऱ्या घोटानंतर गोडाचा कंटाळाही आला. त्याच सुमारास कागलहून सासूबाई राहायला आल्या होत्या. बाटली लपवावी का, यावर नवऱ्याशी चर्चा होईपर्यंत त्यांनी ती फ्रीझरमधून काढून उघडलीही होती.

“अगं, ह्यात वैरण कशाला घातलीय?”

मी सांगितलं. त्यांनी बाटलीच्या तोंडाशी नाक नेलं. “गंजीचा वास येतोय की गं! सुगी झाल्यावरचा.”

मी कुमारिनबद्दल वाचून जे शिकले होते, ते त्यांनी एका हुंगण्यात सांगितलं. दारूला हात लावायचा प्रश्नच नव्हता, पण माझ्या ग्लासात किती रस पडतोय ते त्यांनी बघितलं. स्वतःसाठी नुसता रस ओतून चाखला आणि म्हणाल्या, “मिट्ट गोड आहे. लिंबू नाही का पिळत?”

पिळलं. अर्धी फोड. गोडाच्या आत आंबट आलं आणि सफरचंदाला कणा मिळाला. इथल्या केकला शारा रेनेता नावाचं आंबट, खरखरीत सालीचं सफरचंद लागतं ते याचसाठी, हे तेव्हा डोक्यात शिरलं. सासूबाईंनी आपल्या ग्लासात लिंबाशिवाय चिमूटभर मीठही टाकलं. ते मात्र मी व्होडकात घातलं नाही.

गोडाबद्दल आणखी एक गोष्ट मला उशिरा समजली, आणि नवख्या माणसाला ती आधी सांगायला हवी. ५० मिली व्होडकात २० मिली शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे साधारण १६ ग्रॅम. पाच टक्क्यांच्या अर्धा लिटर बिअरमध्ये २५ मिली. म्हणजे एक ग्लास शारलोत्का जवळपास त्या मोठ्या बिअरच्या तोडीची. फरक एवढाच की बिअर कडू असते, पोट भरते, प्यायला वेळ घेते. शारलोत्का तहान लागल्यावर रस प्यावा तशी पाच मिनिटांत संपते, आणि घसा एकदाही तक्रार करत नाही. छोट्या ग्लासातली निव्वळ व्होडका निदान स्वतःची ओळख देऊन आत जाते. म्हणून मी आता आधी मापाने व्होडका ओतते, मग रस. चवीवरून अंदाज घ्यायला गेलं तर जीभ प्रत्येक वेळी ‘अजून थोडी’ म्हणते. पोलंडमध्ये गाडी चालवणाऱ्याला रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.२ प्रोमिल, म्हणजे हजारी ०.२ भाग आहे, भारतातल्या मर्यादेहूनही कमी. ०.५ च्या वर गेलं तर फौजदारी गुन्हा. एक ग्लास झाला की मी ट्रामनेच जाते.

मैत्रिणीचं माहेर वॉर्साच्या दक्षिणेला ग्रुयेत्सच्या बाजूला. तो सगळा सफरचंदांच्या बागांचा मुलूख. युरोपीय संघात सगळ्यात जास्त सफरचंदं पोलंडमध्ये पिकतात, आणि ग्रुयेत्सच्या सफरचंदांना २०११ पासून भौगोलिक मानांकन आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये रशियाने पोलंडच्या फळांवर बंदी घातली, तेव्हा इथे सफरचंद खाणं हे देशभक्तीचं काम झालं होतं. मैत्रिणीच्या वडिलांना तो हंगाम आठवतो. भाव पडले होते आणि शहरातले लोक फोटो काढून सफरचंदं खात होते, असं ते म्हणाले. मी कोल्हापूरची आहे हे कळल्यावर त्यांनीच कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचा विषय काढला. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते. ते बोलणं झालं आणि त्यांनी बाटली काढली.

मी त्यांच्याच बागेतल्या रसाची शारलोत्का केली, मापाने, लिंबू पिळून. त्यांनी एक घोट घेतला, बराच वेळ विचार केला.

“रस चांगला आहे,” ते म्हणाले. “व्होडकाही चांगली आहे. मग दोघांचं भांडण कशाला लावलंस?”

त्यांची पद्धत सोपी. आधी छोट्या ग्लासातली व्होडका, तिच्यामागून घोटभर रस. काय गाठ पडायची ती पोटात पडेल, असं त्यांचं म्हणणं. मी मान हलवली, पण ग्लास काही बदलला नाही. नवख्या माणसाची ती गाठ डोळ्यांदेखत, मापाच्या ग्लासातच पडलेली बरी.