बर्फातले मुडदे, भाग दुसरा



मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे गेले दोन महिने इकडे फिरकलो नाही. काहींनी फोन करून चौकशी केली, पुतणीने तर थेट अमेरिकेतून. डोळा आता उत्तम आहे. आणि या नव्या डोळ्याने मी पहिला सिनेमा कुठला पाहिला असेल? नाझी झोंबींचा! तोही दुसरा भाग. हसा, हसा.

झालं असं की नातू पुण्याहून दोन मित्रांना घेऊन साताऱ्याला आला होता. कासला जायचा बेत होता, पण पाऊस असा लागला की गच्चीवरसुद्धा जाता येईना. संध्याकाळी तिघांनी लॅपटॉप टीव्हीला जोडला. मी विचारलं, "काय लावताय रे?"

"आबा, झोंबीचा पिक्चर आहे. तुम्हाला नाही आवडणार."

मराठी शिकवलेल्या माणसाला 'झोंबी' म्हटलं की आनंद यादव आठवणार. मी म्हणालो, "अरे वा, साहित्य अकादमी मिळालं होतं त्याला, १९९० साली." तिघे एकमेकांकडे बघायला लागले. मग मात्र मी हट्टाने खुर्ची पुढे ओढली. आमची सौ. आणि सूनबाईही भाजी निवडायला तिथेच येऊन बसल्या.

सिनेमाचं नाव 'डेड स्नो २ : रेड व्हर्सेस डेड'. २०१४ सालचा, नॉर्वेच्या टॉमी विरकोलाने केलेला. पहिला भाग २००९चा. त्यात मेडिकलची काही मुलं ईस्टरच्या सुट्टीत बर्फातल्या एका झोपडीवजा घरात जातात आणि महायुद्धात तिथे गोठून मेलेले जर्मन सैनिक उठून त्यांच्या मागे लागतात. का, तर त्यांनी लुटून जमवलेलं सोनं या मुलांच्या हाती लागतं. ही कल्पना मला ओळखीची वाटली. आपल्याकडे पुरलेल्या धनावर नाग बसतो, तिकडच्या जुन्या कथांमध्ये मेलेला माणूसच आपल्या धनाची राखण करतो. असो.

दुसरा भाग तिथूनच सुरू होतो. वाचलेला एकच मुलगा, मार्टिन. झोंबी चावला म्हणून त्याने स्वतःचा हात स्वतःच करवतीने कापलेला. तो गाडी घेऊन पळतो तेव्हा झोंबींचा म्होरक्या, कर्नल हेरझोग, गाडीला लटकतो आणि त्याचाही हात तुटून गाडीत पडतो. इस्पितळातल्या डॉक्टरांना वाटतं हा हात याचाच. देतात शिवून! आता मार्टिनच्या खांद्याला नाझी हात. तो त्याचं ऐकत नाही, समोर येईल त्याला मारतो. आणि त्या हाताने मेलेलं माणूस उठवताही येतं. हेरझोग इकडे एका संग्रहालयातला टायगर रणगाडा घेऊन ताल्विक नावाच्या गावाकडे निघालेला. हे गाव पुसून टाका असा हिटलरचा हुकूम होता, तो पुरा करायचा राहून गेलेला. शेवटी मार्टिन काय करतो, तर हेरझोगने मारलेल्या सोव्हिएत युद्धकैद्यांची कबर शोधून त्यांना उठवतो. मग मुडदे विरुद्ध मुडदे.

हे सगळं हॉलिवूडच्या मानाने अगदी किरकोळ पैशात केलेलं. नॉर्वेतल्या गोष्टीचं बरंचसं चित्रीकरण आइसलँडमध्ये झालं आहे, असं पोरं म्हणाली.

सिनेमा संपल्यावर चहा झाला आणि मग खरी करमणूक सुरू झाली, कारण सहा जणांची सहा मतं. लांब केसांच्या मित्राला अजिबात आवडला नाही. पहिल्या भागात अंधार होता, एकटेपणा होता, बर्फाखालून काय निघेल याची धास्ती होती. इथे भर दिवसा रणगाडा फिरतो, भीती गेली आणि सर्कस आली, असं त्याचं म्हणणं. शिवाय अमेरिकेहून आलेली ती तीन झोंबीतज्ज्ञ पोरं कशासाठी? अमेरिकेत तिकिटं खपावीत म्हणून! हा सिनेमा म्हणे प्रत्येक प्रसंग दोनदा घेऊन नॉर्वेजियन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत केला आहे. आम्ही इंग्रजीतला पाहिला. नॉर्वेच्या खेड्यातले लोक आपसात इंग्रजी बोलतात हे त्याला खोटं वाटलं. मला त्याचं पटलं. माणच्या मेंढपाळाने मेंढरं हाकताना इंग्रजी बोलावं, तसंच ते.

दुसरा मित्र एकदम उलट. दुसऱ्या भागाने पहिल्याचीच नक्कल केली असती तर पैसे फुकट गेले असते (पैसे कुणी भरले होते देव जाणे). यात प्रत्येक गोष्ट एक पायरी वर नेली आहे, आणि कमी पैशात एवढी लढाई उभी करणं सोपं नाही, असं तो म्हणाला. नातवाला तो शिवलेला हात आवडला.

सूनबाई मध्येच उठून गेल्या होत्या. त्यात बाबागाड्यांचा एक प्रसंग आहे आणि वाळूत खेळणाऱ्या मुलांवर रणगाड्याचा गोळा पडतो. पोरं हसली. सूनबाई म्हणाल्या, "यात विनोद काय आहे?" आणि स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज जरा मोठाच यायला लागला. आमच्या सौ.चं मत सगळ्यांत व्यवहारी. "अहो, शिवायच्या आधी त्या डॉक्टरांनी दोन्ही हातांचं माप तरी बघायचं होतं!"

आणि मी? चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे मत देणं म्हणजे गुण देणं. मी म्हणालो, "काठावर पास. शंभरात पस्तीस." आणि वर एक भाषणही ठोकलं. नाझींना बाहुल्यांसारखं नाचवलं की ते खोटे वाटायला लागतात. उद्या तुमच्या पिढीला हिटलर म्हणजे वेताळासारखं काहीतरी वाटेल. आणि त्या रशियन कैद्यांना थडग्यातून काढून लढाईला जुंपणं ही तर मेलेल्या माणसाची विटंबना. पोरं निमूट ऐकत होती. मग नातवाने अगदी साधेपणाने विचारलं, "आबा, खरंच होते का तिथे रशियन कैदी?"

मंडळी, मला माहीत नव्हतं.

दुसरं महायुद्ध मी कितीतरी वर्षं शिकवलं. त्यात नॉर्वेच्या वाट्याला एक वाक्य यायचं. एप्रिल १९४०मध्ये हिटलरने डेन्मार्क आणि नॉर्वे घेतले, की आम्ही थेट फ्रान्सवर. पुढची पाच वर्षं तिथे काय झालं हे कुणी विचारलं नाही आणि मीही वाचलं नाही. नातू परत गेला तरी तो प्रश्न काही गेला नाही. मग त्यानेच टॅबवर काही काही शोधून पाठवलं आणि मी नव्या डोळ्याची परीक्षा घेत तीन-चार रात्री वाचत बसलो. (डॉक्टरांना सांगू नका.)

तर, होते. जवळजवळ एक लाख सोव्हिएत कैदी जर्मनांनी नॉर्वेत नेले होते. रेल्वे, रस्ते, तटबंदी यांच्या कामावर. त्यांतले सुमारे १३,७०० तिथेच मेले. उपासमारीने, थंडीने, गोळ्या घालून. १९४४च्या नोव्हेंबरात 'रीगेल' नावाचं एक जहाज ब्रिटिश विमानांनी शत्रूचं समजून बुडवलं, त्यात अडीच हजारांवर माणसं गेली आणि त्यांत बहुतेक हेच कैदी होते. म्हणजे एकाने डांबलं आणि दुसऱ्याने बुडवलं.

ताल्विकही खरं गाव आहे. अगदी उत्तरेला फिनमार्क प्रांतात, अल्टाजवळ. १९४४च्या ऑक्टोबरात लाल सेना किर्केनेसपर्यंत आली तेव्हा माघार घेणाऱ्या जर्मनांना हिटलरने हुकूम दिला, की माणसं हलवा आणि मागे काही ठेवू नका. जवळजवळ ५०,००० माणसांना घरांतून काढलं, हजारो लोक ऐन हिवाळ्यात गुहांमध्ये लपून राहिले. सुमारे ११,००० घरं जाळली, ४,७०० गोठे, २७ चर्च. आणि १०६ शाळा. हा १०६चा आकडा मी परत परत वाचला. दहा शाळा म्हटलं की मला दहा इमारती दिसतात, घंटा दिसते, हजेरीपटाचं कपाट दिसतं. १०६ दिसेनात. त्या सैन्याचा सेनापती रेन्डुलिच. न्यूरेंबर्गच्या खटल्यात १९४८ साली त्याला इतर गुन्ह्यांसाठी वीस वर्षांची शिक्षा झाली, पण या जाळपोळीच्या आरोपातून तो सुटला. तुरुंगातूनही १९५१मध्येच बाहेर आला.

सिनेमातला गावाचा हुकूम म्हणजे अगदीच गंमत नव्हती तर. आणि हा विरकोला जन्मला अल्टामध्ये! म्हणजे त्याच जळलेल्या मुलखातला पोरगा. आता त्याने हसायचं की नाही हे साताऱ्यातल्या खुर्चीत बसून मी कोण ठरवणार?

कबरींची गोष्ट तर सिनेमाहून विचित्र निघाली. १९५१ साली नॉर्वेच्या सरकारने स्वतःच उत्तरेतल्या या सोव्हिएत कैद्यांच्या कबरी खणल्या. नॉर्वे नुकताच नाटोत गेला होता. कबरींना भेट द्यायच्या निमित्ताने रशियन येतील आणि लष्करी ठाणी बघून जातील, ही भीती. मृतदेह डांबर लावलेल्या पिशव्यांत भरून जहाजांनी त्योटा नावाच्या बेटावर नेले. त्यावरून मोहिमेचं नावच 'ऑपरेशन अॅस्फाल्ट', म्हणजे डांबर. सात हजारांहून अधिक माणसं तिथे पुरली आहेत, बहुतेकांची नावं माहीत नाहीत. काही ठिकाणी गावकऱ्यांनी खणायला विरोधही केला. मी पोरांना मेलेल्यांच्या विटंबनेवर भाषण दिलं होतं, आणि थडग्यातून काढायचं काम सिनेमावाल्यांच्या साठ वर्षं आधी सरकारनेच केलेलं.

इथवर ठीक होतं. पण किर्केनेसबद्दल वाचताना आणखी एक गोष्ट समोर आली आणि तिने माझी झोप घालवली. १९४२च्या फेब्रुवारीत क्विसलिंगच्या सरकारने सगळ्या शिक्षकांना एका नव्या नाझी संघटनेचं सभासद केलं. बहुसंख्य शिक्षकांनी नकार दिला. प्रत्येकाने एकाच मजकुराचं पत्र आपल्या सहीने पाठवलं, की हे माझ्या सदसद्विवेकाला पटत नाही. मार्चमध्ये हजाराहून अधिक शिक्षकांना अटक झाली आणि सहाशेहून अधिक जणांना थेट किर्केनेसला पाठवून बंदरात हमाली करायला लावली. त्याच किर्केनेसला रशियन कैदीही राबत होते. शिक्षक बधले नाहीत, नोव्हेंबरपर्यंत घरी परतले आणि ती संघटना काही उभी राहिली नाही. गणिताचे, भूगोलाचे, आपल्यासारखेच मास्तर हो!

आता जे लिहितो ते घरात फक्त सौ.ला माहीत होतं. १९७६ साली मी नोकरीत नवा होतो. आणीबाणी होती. जुन्या लोकांना आठवत असेल, शिक्षकांना नसबंदीच्या 'केसेस' आणायचं टार्गेट असायचं. माझ्या वाट्याला दोन आल्या. आणल्या नाहीत तर पगार अडकणार, असं सांगण्यात आलं. शाळेत पाणी भरणारा एक जण होता. दोन मुली, त्याला मुलगा हवा होता. मी त्याला म्हणालो, "सरकारचं काम आहे, नाही म्हणालास तर पुढे अडचण येईल." त्याने फार विचारलं नाही. गुरुजी सांगतायत म्हणून आला. मी कागदावर सही केली. दुसरी केस मला मिळाली नाही, एकीवरच भागलं, पगार निघाला.

त्यानंतर मी शाळेत त्याने भरलेल्या माठातलं पाणी प्यायलो नाही, घरून तांब्या नेत असे. लोकांना वाटायचं गुरुजी सोवळे आहेत. तो मात्र पुढे कधीही भेटला की आधी नमस्कार करायचा, शेवटपर्यंत. त्याला जाऊन दहा-बारा वर्षं झाली. सिनेमात ते कैदी मातीतून वर येतात आणि मार्टिनकडे बघत उभे राहतात, तो क्षण पोरांना गमतीचा वाटला होता. मला दुसऱ्यांदा आठवला तेव्हा त्या रांगेत पाण्याची घागर घेतलेला एक जण होता.

हे मी परवा नातवाला फोनवर सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मला वाटलं लाइन तुटली. मग म्हणाला, "त्याच्या मुली कुठे असतात, आबा?" एक वडूजला दिली आहे एवढं मला ठाऊक आहे. "मी आलो की जाऊन येऊ," म्हणाला. जाऊन काय बोलायचं, मला काही सुचत नाही. तुम्हाला कुणाला सुचलं तर जरूर लिहा.

सिनेमाचे गुण मी वाढवून पंचावन्न केलेत. बाबागाड्यांचे कापले ते कापलेच, सूनबाईंना तसा शब्द दिलाय. दिवाळीत पहिला भाग बघायचा घाट घातला आहे, आणि सूनबाईंनी आत्तापासूनच सांगून ठेवलंय की त्या दिवशी त्या माहेरी असतील.